झाकण उघडं ठेवून

दोन मॉनिटर जुन्या चादरींत गुंडाळून आम्ही दुकानात शिरलो, तेव्हा काउंटरवरचा विक्रेता जेमतेम मान वर करून म्हणाला, "काकू, दुरुस्ती मागच्या दाराने."

"दुरुस्ती नाही. लॅपटॉप घ्यायचाय," मी म्हटलं. "हे दोन्ही मॉनिटर त्याला जोडून इथेच बघणार. चालले तर घेणार."

माझ्यामागे आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एक मॉनिटर पोटाशी धरून उभे होते आणि आपण या बाईबरोबर नाही असं दाखवायचा प्रयत्न करत होते. त्यांनी तासभर फोनवर व्हिडिओ बघून लॅपटॉप आधीच निवडून ठेवला होता. "वहिनी, हल्ली कुठल्याही लॅपटॉपला दोन मॉनिटर लागतात. भोकं मोजायची, बस्स," असं त्यांनी मला वाटेत तीनदा सांगितलं होतं. सगळ्यात मागे आमचे हे. गळ्याला मफलर, वरच्या खिशात पेन्सिल. हे काही बोलले नाहीत, कारण सहा महिन्यांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये यांचा आवाज गेला.

आम्ही दोघं प्रुफं वाचतो. बत्तीस वर्षं हाच धंदा. हे लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायचे आणि मी छापलेल्या पानावरून डोळे फिरवत चुका टिपायची. विरामचिन्हं तोंडाने बोलत बसलं तर दिवस पुरत नाही, म्हणून यांनी पेन्सिलीची एक भाषा केली होती. टेबलावर एकदा टक केलं की स्वल्पविराम, दोनदा केलं की पूर्णविराम, तीनदा केलं की नवा परिच्छेद. आमचे प्रकाशक तरुणपणी, धंदा शिकत असताना, आमच्या टेबलाशी बसून ही भाषा शिकून गेले होते; तेव्हापासून ते यांना दादा म्हणतात.

आवाज गेल्यावर यांनी पाटीवर लिहिलं, 'दुसरा वाचक बघ.' मी ती पाटी पुसली आणि दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. भयंकर राग आला होता मला. बत्तीस वर्षं ज्याच्या आवाजाचं बोट धरून चालले, त्या माणसाच्या जागी मी काय जाहिरात देऊन कुणाला आणून बसवू?

असे सहा महिने गेल्यावर प्रकाशकांचा फोन आला. एका घड्याळजीने जन्मभर तीन रंगांच्या शाईत लिहिलेलं, घड्याळदुरुस्तीवरचं सातशे पानांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. फोनवर त्यांनी बराच घसा खाकरला. मग म्हणाले, चाळीस पानं नमुन्याला पाठवतो, मूळ हस्तलिखिताचे फोटो आणि प्रूफ दोन्ही. शुक्रवारपर्यंत निर्दोष आली तर पुस्तक तुमचं. नाहीतर, "तुम्हाला आता कशाला त्रास." त्यांचा तो 'आता' मला चांगलाच झोंबला. हे काम हातचं गेलं असतं तर यांनी पुन्हा टेबलाशी बसायचं नावच घेतलं नसतं. तेवढं मला कळत होतं.

मग मी कामच उलटं केलं. छापलेलं पान मी मोठ्याने वाचायचं, यांनी मूळ प्रतीवर नजर ठेवायची, आणि फरक दिसला की पेन्सिल आपटायची. पण नुसतं आपटून भागेना. मूळ प्रतीत काय आहे ते यांनी मला सांगायला नको? पाटीवर लिहा, दाखवा, पुसा, यात खडूचा धुरळा तेवढा झाला. म्हणून ठरलं, यांनी ते टाइप करायचं. म्हणजे हस्तलिखित यांच्यासमोर, प्रूफ माझ्यासमोर, आणि यांचं बोलणं मधे, दोघांना दिसेल असं.

जुन्या लॅपटॉपच्या एकाच पडद्यावर तिन्ही कोंबून पाहिलं. अक्षरं मुंगीएवढी झाली, आमची डोकी एकमेकांवर आपटली आणि सकाळभरात चार पानं झाली. त्यातही दोन चुका निसटल्या. यांचा हात पुन्हा पाटीकडे गेला.

"पाटीला हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

लेकीच्या ऑफिसने काढून टाकलेले दोन मॉनिटर माळ्यावर पडलेले होते. ते मी खाली काढले आणि भाऊजींना फोन केला. तो वार होता मंगळवार.

तर दुकान. भाऊजींनी निवडलेला लॅपटॉप मोठा देखणा होता, वहीएवढा पातळ. विक्रेत्याने तो दोन बोटांत उचलून दाखवला. भाऊजींनी बाजूची भोकं मोजली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि तिन्ही पडदे एकदम उजळले.

"घ्या," भाऊजी म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

मी पेन ड्राइव्हमधून आमचं काम उघडलं. हस्तलिखिताचं बारावं पान डाव्या मॉनिटरवर आलं. तेच बारावं पान उजव्या मॉनिटरवरही आलं. प्रूफ उघडलं तर तेही दोन्हीकडे.

"हे तर एकच पान दोनदा दिसतंय," मी म्हटलं.

"सेटिंगचा प्रश्न आहे, काकू." विक्रेत्याने 'डुप्लिकेट' काढून 'एक्स्टेंड' केलं, म्हणजे प्रत्येक पडद्यावर वेगळं चित्र. डावा मॉनिटर सुरू राहिला, उजवा काळा पडला. त्याने वायरी उलट्या लावल्या. आता उजवा सुरू, डावा काळा. त्याने आतून एक डबी आणली, तिला चार भोकं होती. दोन्ही मॉनिटर पुन्हा उजळले आणि पुन्हा दोघांवर बारावं पान. भाऊजी एव्हाना की-बोर्डांच्या मांडणीकडे एकाग्र होऊन बघू लागले होते.

"याचं माहितीपत्रक द्या," मी म्हटलं.

"त्यात काही नसतं हो. सगळं बॉक्सवर आहे."

"द्या."

चार पानांचं होतं. दुसऱ्या पानावर 'दोन बाह्य मॉनिटर' असं ठळक छापलेलं, आणि पुढे एक इवलीशी चांदणी. मी पानाच्या तळाला गेले. तळटीप नव्हती. आता चांदणी आहे आणि तळटीप नाही, असं दिसलं की मला घास गिळवत नाही. मी त्याला विचारलं, "या चांदणीची टीप कुठेय?"

"कसली चांदणी?" तो म्हणाला. दोन वर्षं तो ते लॅपटॉप विकत होता.

टीप सापडली शेवटच्या पानावर, हमीच्या अटींखाली, करड्या शाईत. मी ती मोठ्याने वाचली. झाकण उघडं असताना एकच बाह्य मॉनिटर. दोन हवे असतील तर लॅपटॉपचं झाकण मिटावं.

विक्रेत्याचा चेहरा खुलला. त्याने झाकण मिटलं आणि खरंच, दोन्ही मॉनिटरांवर वेगवेगळी पानं आली. "झालं ना काकू तुमचं काम! बाहेरून एक की-बोर्ड लावला की संपलं."

भाऊजी लगबगीने परत आले. "वहिनी, दोन म्हणालात, दोन मिळाले. आता आणखी काय खुसपट काढणार?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे त्या मिटलेल्या झाकणाकडे बघत होते. यांनी टाइप केलेलं जिथे दिसायचं, तोच पडदा मिटला होता. भाऊजींना ते कळलं नाही यात त्यांचा दोष नव्हता, पण माझा आवाज चढलाच.

"भाऊजी, हे बोलणार कुठे?"

विक्रेता माझ्याकडून यांच्याकडे आणि यांच्या मफलरकडे बघू लागला. मग त्याने हळूच झाकण उघडलं. उजवा मॉनिटर विझला.

"मग कठीण आहे," तो म्हणाला. या वेळी तो मनापासून बोलत होता. "तिन्ही पडदे वेगळे चालवणारं मशीन महिन्याभरात मागवता येईल."

माझ्या हातात तीन दिवस होते. मी चादर उचलली आणि घडी घालायला लागले. आणि खरं सांगते, घडी नीट जमेना.

तेवढ्यात पेन्सिल आपटल्याचा आवाज आला. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. फरक दिसल्यावर आपटतात तशी, जोरात, एकदाच.

हे एव्हाना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. मघाशी विक्रेता वायरी उलटसुलट लावत होता तेवढ्या वेळात यांनी शेल्फवरची सगळी माहितीपत्रकं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढली होती. वाचकच तो. आता हे सगळ्यात खालच्या फळीसमोर उकिडवे बसून एका जाडजूड, काळ्या, विटेसारख्या लॅपटॉपच्या पत्रकावर पेन्सिल टेकवून थांबले होते. मी वाकून वाचलं. 'झाकण उघडे असताना दोन बाह्य मॉनिटर, प्रत्येकावर स्वतंत्र चित्र.' पुढे चांदणी नव्हती. मी शेवटचं पानही बघितलं. तिथेही काही नव्हतं.

"ते नका घेऊ," विक्रेता म्हणाला. "जुनं मॉडेल आहे, वजन केवढं. कोणी हातसुद्धा लावत नाही."

"मला कुठे ते डोक्यावर घेऊन फिरायचंय? जोडा."

त्याने जोडलं. डावीकडे हस्तलिखित, घड्याळजीच्या हिरव्या शाईसकट. उजवीकडे प्रूफ. मधे कोरं पान. भाऊजी श्वास रोखून तीनही पडद्यांकडे आळीपाळीने बघत होते. मी दोन स्टुलं ओढली. एकावर हे बसले, एकावर मी.

"इथे?" भाऊजींनी विचारलं.

"मग कुठे? घरी नेल्यावर कळून काय उपयोग?"

मी बारावं पान मोठ्याने वाचायला घेतलं. दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. चार ओळी सरळ गेल्या. पाचव्या ओळीत मी वाचलं, "या चाकाला पंधरा दाते असतात," आणि पेन्सिल काउंटरवर आपटली. यांची बोटं की-बोर्डवर गेली. मधल्या पडद्यावर एक एक अक्षर उमटलं: 'पंधरा नाही. पंच्याहत्तर. त्याचा सात एकासारखा दिसतो, पान तीनवर बघ.'

मी पान तीन बघितलं. तिथेही तो सात तसाच होता आणि तीही चूक आमच्या नजरेतून सकाळी निसटली होती. सहा महिन्यांत यांनी मला एवढं लांब वाक्य सांगितलं नव्हतं.

मी काही म्हणायच्या आत यांनी पुढे टाइप केलं: 'थांबलीस का? वाच.'

विक्रेता हसला. भाऊजींनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि म्हणाले, "पॅक करा हेच. आणि वीट मी उचलणार."

चाळीस पानं गुरुवारी दुपारीच रवाना झाली. एकशे अकरा चुका. शुक्रवारी जेवणं आटोपतायत तोच प्रकाशकांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"सातांच्या चुका कुणी पकडल्या?" त्यांनी विचारलं. "इथे तिघांनी वाचलं होतं. एकालाही दिसल्या नाहीत."

"वाचकाने."

"नवा वाचक ठेवलात? बरं केलंत. कोण आहे? मला बोलायचंय त्याच्याशी."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी खिशातून पेन्सिल काढली, फोनच्या शेजारी नेली, आणि टेबलावर टक-टक केलं.

पलीकडे प्रकाशकांनी पुन्हा घसा खाकरला.

"उरलेली सहाशे साठ पानं संध्याकाळी पाठवतो," ते म्हणाले. "दादांना म्हणावं, पेन्सिलीला टोक करून ठेवा."