आगबोटीचं ॲव्हरेज

बेकरने डिकीतून स्टेपनी उपसून काढली आणि फुटपाथवर आडवी टाकली. तिच्यामागोमाग जॅक आला, पायाने मारायचा हवेचा पंप आला, काड्या मोडलेली छत्री आली आणि शेवटी, बऱ्याच चाचपणीनंतर, एक गमबूट आला.

"बाबा, याचा जोडीदार कुठाय?" बेकरीच्या पायरीवरून मुलीने विचारलं.

"नाहीच. म्हणून तर म्हटलं, एकट्याला कशाला फुकट हिंडवायचं?"

मुलगी हसली नाही. हसली असती तर त्याने अर्धी लढाई तिथेच जिंकली असती, आणि हे तिलाही माहीत होतं.

गाडी जुनी होती आणि लांबीला एवढी, की बेकरीसमोर उभी केली तर शेजारच्या घड्याळजीच्या दुकानाचं दारही झाकलं जाई. गल्लीतले लोक तिला आगबोट म्हणत. सहा सिलिंडरचं इंजिन, दारं कपाटाएवढी जड, आणि मागची सीट अशी रुंद आणि सपाट की तिच्यावर तीन मजली केक ठेवला तरी दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल. पेट्रोल मात्र ती घटाघटा प्यायची. मुलीने तिला गिऱ्हाईक शोधलं होतं आणि ते उद्या सकाळी येणार होतं. बेकरने महिनाभर घासाघीस करून मुलीकडून एकच सवलत पदरात पाडून घेतली होती. आजच्या केकच्या फेरीत, जाऊन-येऊन, लिटरला दहा किलोमीटर पडले तर आगबोट राहील. नाही पडले तर तिच्या जागी छोटी बंद व्हॅन येईल. व्हॅनमध्ये केकसाठी कप्पा असतो, पट्टे असतात. केक धरायला आईने बरोबर जायची गरज नाही, असं मुलगी दर वेळी कौतुकाने सांगायची.

बेकरला नेमकं तेच नको होतं. बेकरीत तो भट्टीपाशी आणि बायको आतल्या खोलीत आयसिंगच्या टेबलापाशी. दिवसभरात दोघांचं बोलणं काय, तर साखर संपली आणि ट्रे दे. केक घेऊन निघाले की मात्र तासभर ती मागे बसलेली असायची आणि तो पुढून तिच्याशी पोटभर बोलायचा. तो तास त्याला फार आवडायचा. असली गोष्ट मुलीला कशी सांगणार? ती म्हणाली असती, मग घरी बोला की.

म्हणून महिनाभर तो ॲव्हरेजच्या मागे हात धुऊन लागला होता. एअर फिल्टर नवा, प्लग नवे, टपावरचं कॅरियर काढलेलं. पाव भट्टीत जायच्या आधी रोज तो चाकांतली हवा तपासायचा. मेकॅनिकने चाकांची अलाइनमेंट करून दिली आणि वर "आता ही उडणार बघा" म्हणून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. एवढं करून सहाचे आठ झाले होते. आठावर गाडी अडून बसली ती बसलीच.

बायको हात पुसत बाहेर आली. फुटपाथवरचा पसारा तिने एकदा नजरेखालून घातला.

"अहो, ते चाक आधी आत टाका."

"अगं, त्याचं वजन बघ किती आहे!"

"आणि वाटेत पंक्चर झालं तर? केक काय मी डोक्यावर घेऊन चालू?"

स्टेपनी आत गेली, जॅकही गेला. गमबुटाची मात्र सुटका झाली.

कोपऱ्यावरच्या पंपावर त्याने टाकी काठोकाठ भरून घेतली. पंपावरच्या मिशाळाला सगळी हकीकत ठाऊक होती. त्याने नळी बाहेर काढताना शेवटचे थेंबसुद्धा झटकून आत सोडले आणि अंगठा दाखवला.

मागच्या सीटवर मधोमध केक, शेजारी बायको. एका शाळेला पन्नास वर्षं झाली होती, तिथल्या सभागृहात तो दुपारपर्यंत पोहोचवायचा होता. सगळ्यात वरच्या मजल्यावर साखरेची पांढरी फुलं होती, प्रत्येक पाकळी नखाएवढी. लाल सिग्नल लांबून दिसला की बेकर पाय उचलायचा आणि गाडी आपली आपण मंदावत जायची. खड्डा आला की तो श्वास रोखायचा. गिअर असा बदलायचा की इंजिनच्या आवाजावरूनच कळावं. आणि हे सगळं चालू असताना त्याची टकळी चालूच. नव्या यीस्टबद्दल, घड्याळजीच्या बायकोबद्दल, लहानपणी पाहिलेल्या एका पुराबद्दल. बायको मधूनमधून "हो का" म्हणत होती आणि खिडकीतून बाहेर बघत होती.

सभागृहाच्या रखवालदाराने दोन माणसं बोलावली आणि केक आत गेला. एकही पाकळी पडली नव्हती. बायकोने पर्स खांद्याला लावली.

"मी येते मागाहून बसने. ताईकडे डोकावून येते."

हे ठरलेलंच होतं. दर वेळी काहीतरी निघायचंच. कधी ताई, कधी चष्म्याची काच, कधी लोकरीचे गुंडे. बेकरने कारण विचारायचं सोडूनच दिलं होतं. माणसाने किती ऐकून घ्यावं, तासभर पुरे झालं असेल तिला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

पण आज त्याला घाई होती ती दुसरीच. सभागृहासमोरच एक पंप होता. एरवी तो घरी पोहोचल्यावरच हिशेब करायचा, पण आज त्याला दम निघेना. त्याने गाडी तशीच पंपावर घातली, टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि मोबाइलवर भागाकार केला. मग परत केला. मग मोबाइल पंपावरच्या मुलीच्या हातात देऊन तिला करायला लावला.

"साडेदहा," ती म्हणाली.

"साडेदहा!" बेकर एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारचा स्कूटरवाला दचकला. "अगं ए! थांब! साडेदहा!"

बायको रस्ता ओलांडून बसथांब्याकडे निघाली होती ती माघारी आली.

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत की! आगबोट साडेदहा देते, बघण्यासारखीच गोष्ट आहे!" त्याने बोनेटवर थाप मारली, हात पोळला, तरी पुन्हा मारली. मग मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, बायकोलाही ऐकू यावं म्हणून.

"साडेदहा? नुसतं जाताना?" मुलगी म्हणाली. तिने पलीकडे भराभर आकडेमोड केली. "मग गंमतच आहे बाबा. तुझं जाऊन-येऊन आठ येतं ना? जाताना साडेदहा पडत असतील तर येताना साडेसहासुद्धा पडत नसतील."

"कसं शक्य आहे? येताना गाडी रिकामी असते."

"ते तू बघ. मला जाऊन-येऊन दहा पाहिजेत."

फोन बंद झाला. बेकर कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. जाताना तीन मजली केक, लाकडी पाट, बायको. येताना काही म्हणजे काही नाही. चढ म्हणावा तर तो जातानाच होता. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला, वाकून सायलेन्सरकडे बघितलं, आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"कळलं! हिला वजन लागतं! मोठी गाडी आहे, वजन असलं की रस्त्याला धरून चालते, नसलं की उधळते. मूर्खासारखा मी महिनाभर वजन उतरवत बसलो!"

बायको काही बोलायच्या आत तो समोरच्या किराणा दुकानात शिरला होता. तिथून पिठाच्या दोन पोत्यांचा भाव ठरवत असलेला त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. दुकानदाराला तो ॲव्हरेज समजावून सांगत होता आणि दुकानदार माना डोलावत पोती मोजत होता. बस आली. थांब्यावरची माणसं चढली. बायको जागची हलली नाही, आणि बस निघून गेली.

पहिलं पोतं खांद्यावर घेऊन तो बाहेर आला तेव्हा ती डिकीला टेकून उभी होती.

"परत ठेवा ते."

"अगं पण—"

"पिठाचं पोतं पडलं तर काय होतं?"

"काय होणार? परत उचलायचं."

"आणि केक पडला तर?"

बेकरने खांद्यावरचं पोतं सावरलं.

"जाताना मी केक धरून बसते असं तुम्हाला वाटतं ना? मी कधी धरलेला नाही. नुसता हात ठेवते. धरायची पाळीच येत नाही," ती म्हणाली. "येताना एकदाच तुमच्याबरोबर आले होते. आठवतंय?"

त्याला आठवत होतं. आगबोट घेतली त्या वर्षी. पुलाच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली होती आणि कठड्याला धरून ओकली होती. त्या दिवशी तो एका व्हॅनबरोबर शर्यत लावून आला होता आणि जिंकलाही होता.

"तू म्हणालीस, क्रीमच्या वासाने."

"मग काय म्हणू? नवी गाडी, तुम्ही इतके खुशीत होतात."

त्याने पोतं खाली ठेवलं. ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या आपल्या उजव्या पायातल्या बुटाकडे त्याने बघितलं.

"मला वाटायचं, तुला माझ्या बडबडीचा कंटाळा येतो."

"बडबड चालते हो मला," ती म्हणाली. "बडबडीने माणूस ओकत नाही."

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की त्याने उगाच खांद्यावरचं पीठ झटकायला घेतलं. एवढी वर्षं ती बसमध्ये उभ्याने परत येत होती आणि तो पुढे सुसाट निघून जात होता, खिडक्या उघड्या टाकून, शीळ घालत.

"पुढची बस कधी आहे?" त्याने विचारलं.

तिने मागचं दार उघडलं आणि सीटवर मधोमध, जिथे केक होता तिथे, पर्स मांडीवर घेऊन बसली.

"ताई राहू दे आज," ती म्हणाली. "चला. पण पाकळी पडता कामा नये."

बेकरने क्लच अगदी सावकाश सोडला. इतका घाबरून तो शिकाऊ असतानाही बसला नव्हता. पहिल्याच चौकात मागून हॉर्नचा गजर झाला, तो त्याने ऐकला न ऐकल्यासारखा केला. एक स्कूटर पुढे गेली, मग पाण्याचा टँकर पुढे गेला, मग एक छोटी पांढरी व्हॅन गेली आणि जाताना तिच्या ड्रायव्हरने हात नाचवला. बेकरचा पाय शिवशिवला. त्याने तो तिथेच आवरून धरला. थोड्या वेळाने मात्र त्याला मजा यायला लागली. लांबचा सिग्नल, आपण पाय उचलायचा, आणि पोहोचेपर्यंत तो हिरवा!

"बघितलंस? ब्रेक लावलाच नाही!"

"हो का," मागून आवाज आला.

"आणि हे वळण बघ आता. बघ, बघ! कळलं तरी का तुला?"

"नाही कळलं."

"दहा कुठले, अकरा पडतील आज! मेकॅनिकला बोलावून पेढे— नाही, केक देतो त्याला. पुलावरचा सांधा येतोय हं. गेला! सांधा गेला!"

पुलानंतर त्याने यीस्टची गोष्ट पुन्हा काढली, कारण जाताना ती अर्धी राहिली होती. गोष्ट संपली तरी "हो का" आलं नाही. त्याने आरशात बघितलं. बायकोची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि पर्स मांडीवरून घसरून सीटवर आली होती. पहाटे तीनपासून ती फुलं करत होती.

बेकरने बोलणं बंद केलं. आता तो वळणं आणखी रुंद घ्यायला लागला.

कोपऱ्यावरचा पंप दिसला. मिशाळ नळी हातात घेऊन जणू त्याचीच वाट बघत होता. त्याने लांबूनच ओरडून विचारलं, "काय, किती?" पंपाच्या तोंडाशी गतिरोधक होता, त्यापुढे खडबडीत उतार, आणि मिशाळाला टपावर थापा मारायची सवय. बेकरने त्याच्याकडे बघून हलकेच मान हलवली आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली. मिशाळ नळी धरून बघतच राहिला.

बेकरी आली. मुलगी पायरीवरून उठून धावत रस्त्यावर आली. गाडी थांबेना हे बघून ती खिडकीला धरून बरोबर चालायला लागली.

"बाबा, किती आलं?"

"हळू बोल. भरलंच नाही."

"भरलंच नाही? मग मोजणार कसं? आणि आता थांबत का नाहीस?"

"इंजिन बंद केलं की जाग येईल गं तिला."

मुलीने वाकून मागच्या सीटवर बघितलं.

"आई? येताना तुझ्या गाडीत? आणि झोपलीय?"

बेकरने मान डोलावली. त्याचे डोळे रस्त्यावर होते.

"त्या गिऱ्हाइकाला फोन करून टाकते," ती कुजबुजली. "येऊ नका म्हणते. आणि बाबा, पेट्रोल आहे ना पुरेसं?"

"पुष्कळ आहे," तो म्हणाला, आणि तळ्याकडून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याला त्याने आगबोट वळवली.