असेल चार किलो!

गोचीड सापडली ती नेमकी सासूबाईंच्या उशीवर.

घरात जागा काय कमी होत्या? सोफ्याच्या फटी होत्या, पायपुसणं होतं, खुद्द कुत्र्याची गादी होती. पण नाही! दुपारी सासूबाईंनी डोकं टेकलं आणि गालापाशी काहीतरी चालू लागलं. त्यांनी चष्मा लावला, निरखून पाहिलं आणि मग जी हाक मारली ती सगळ्या जिन्यातून घरंगळत तळमजल्यापर्यंत गेली. आवाज त्यांचा पहिल्यापासूनच तसा. गुडघे गेले, दात गेले, आवाज तेवढा जागच्या जागी राहिला.

सून संध्याकाळी कामावरून आली. तिची एक चप्पल पायात होती, एक हातात, तेवढ्यातच सुनावणी सुरू झाली.

"आज काय तो निकाल लाव. या घरात एक तर हे जनावर राहील, नाहीतर मी!"

"कुठलं जनावर, आई? कुत्रं की गोचीड?"

"मला विनोद नकोय."

कोपऱ्यात पुडकं बसलं होतं. पुडकं म्हणजे कुत्रं. अंगाने एवढंसं, पार्सलच्या कागदासारखं खाकी, आणि सापडलंही ऑफिसच्या मागच्या दारी, रिकाम्या खोक्यात. म्हणून नाव पुडकं. गेले काही दिवस ते मागच्या पायाने कान खाजवत होतं, शेपटीपाशी दातांनी कुरतडत होतं. सुनेला ते दिसत होतं. उद्या बघू, उद्या बघू, असं आपण सगळेच करतो तसं तीही करत होती.

ही सून कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायची. तिला सगळे काटेवाली म्हणत, कारण तिच्या काउंटरवर अंदाज चालत नसे. पार्सल घेऊन आलेला माणूस म्हणायचा, "असेल दोन किलो." ही मान वर न करता विचारायची, "असेल म्हणजे? आणि नसेल तर? ठेवा काट्यावर." त्याच आठवड्यात एक बाई दुरुस्तीला पाठवायचं यंत्र घेऊन आली होती. घाईत होती बिचारी. "असेल चार किलो, लिहा ना पटकन," म्हणाली. काटेवालीने यंत्र काट्यावर ठेवायला लावलं. चांगलं सहा किलोच्या घरात भरलं! तेव्हा काटेवाली सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "हात फसवतो, ताई. काटा फसवत नाही."

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सासूबाईंचा निकाल ऐकायला समोरच्या दारातले मामाही येऊन ठेपले. मामा कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. घरी पैलवान नावाचा वासराएवढा कुत्रा, आणि एक कपाट. त्या जिन्यावर असं एकही घर नव्हतं, ज्याने मामांच्या कपाटातलं औषध घेतलं नसेल. कुणाची पाठ धरली की मामांचं मलम, कुणाला खोकला झाला की मामांची बाटली. देताना चेहरा असा फुललेला, की नको म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही.

"हे घे, पोरी," मामांनी खिशातून एक बारीकशी नळी काढली. "पैलवानाच्या मानेवर हे सोडतो मी. गोचीड नाही, पिसू नाही, काही उभं राहत नाही."

"पण मामा, हे मोठ्या कुत्र्याचं ना?"

"म्हणून तर अर्धंच टाकायचं! औषध ते औषध. मोठ्याला पूर्ण, लहानाला अर्धं. यात काय एवढं?"

"खोक्यावर काही लिहिलं असेल ना? किती वजनाला किती?"

"खोका केव्हाच टाकला. अगं, तू काय पार्सल घेतेयस का माझ्याकडून?"

सगळे हसले. तीही हसली. शेजाऱ्याने मायेने पुढे केलेला हात परत कसा पाठवायचा? ती दमली होती, पोटात भूक होती, सासूबाईंची नजर पाठीत रुतत होती. तिने पुडक्याच्या मानेवरचे केस बाजूला केले आणि अर्धी नळी सोडली. उरलेली मामांनी टोपण लावून खिशात टाकली. "राहू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं म्हणत ते गेले.

चहा झाला. भाजी चिरून झाली. काटेवालीने ताटली वाजवली, तर पुडकं आलं नाही.

ते गादीवर उभं होतं, पाय फाकून, जमीन हलत असल्यासारखं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पाठीची कातडी आपोआप थरथरत होती, जणू आतून कुणी टिचक्या मारतंय. तिने हाक मारली. त्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला आणि ते कुशीवर कोसळलं.

"आई!"

सासूबाई आल्या. पाहिलं. आणि स्वतःच फोन उचलून सुनेच्या हातात दिला.

पुडक्याला लस दिली होती त्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये होता. म्हातारे डॉक्टर आता बसत नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. काटेवालीने एका दमात सगळं सांगितलं.

"आधी ते अंगावरून काढा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "भांडी घासायचा पातळ साबण घ्या, पाणी कोमट. मान, पाठ नीट धुवा, चाटू देऊ नका. कोरडं करा, टॉवेलात गुंडाळा आणि लगेच घेऊन या. ती नळीही आणा, आत काय आहे ते मला बघायचंय. फोन चालूच ठेवा."

फोन खिडकीत ठेवला. पुडकं मोरीत, काटेवालीचे हात कोपरापर्यंत फेसात. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी समोरच्या दारापर्यंत नळी मागायला गेल्या आणि तशाच परत आल्या.

"मामा घरात नाहीत. पैलवान एकटाच भुंकतोय. मास्तरीणबाईंकडे गेलेत म्हणे, तळमजल्यावर. त्यांच्या मांजरीला पिसवा झाल्यात, उरलेलं औषध तिला लावायला."

खिडकीतला फोन एकदम ओरडला. "मांजरीला? नाही! त्यांना आधी थांबवा! यातली काही औषधं कुत्र्याला चालतात, पण मांजरीचा जीव घेतात! थोडंसुद्धा नको!"

काटेवालीच्या हातात थरथरणारा जीव. सोडून धावणार कशी? सासूबाईंनी आपल्या फोनवरून मामांना लावून पाहिला, पण मामा फोन नेहमीप्रमाणे घरी विसरलेले. समोरच्या घरात तो वाजत होता आणि पैलवान त्याला भुंकून उत्तर देत होता. जिना उतरायला सासूबाईंना पाऊण तास लागला असता.

सासूबाईंनी जिना उतरायचा विचारही केला नाही. त्या कठड्यापाशी गेल्या, दोन्ही हातांनी कठडा धरला, छाती भरून श्वास घेतला.

"मामाऽऽऽ! थांबाऽऽऽ! मांजरीला हात लावू नकाऽऽऽ!"

दारं उघडली. कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. आणि तळमजल्यावर मास्तरीणबाईंच्या मांडीवर मांजर, मामांच्या बोटात टोपण काढलेली नळी! मामांचा हात हवेतच राहिला. मांजर त्या हाकेने अशी दचकली, की मास्तरीणबाईंच्या हातावर ओरखडा काढून कपाटावर जाऊन बसली.

वाचली!

दवाखान्यात टेबलावर टॉवेलाचं गाठोडं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पुडक्याचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि सुई भरता भरता विचारलं, "वजन किती?"

"असेल चार किलो," काटेवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली. हीच ती घाईतली बाई! ते सहा किलोचं यंत्र, ती रांग, तो आवाज! काटेवालीला सगळं एकदम आठवलं. कान तापले तिचे.

"असेल म्हणजे?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आणि नसेल तर?"

त्यांनी पुडक्याला उचलून काट्यावर ठेवलं. अडीच किलोच्या जरा वर. एवढाच होता तो सगळा जीव.

सुई दिली, सलाईन लावलं. मामा दाराशी उभे होते. नळी दोन बोटांत धरलेली, जणू मेलेला उंदीर. डॉक्टरीणबाईंनी ती दिव्याखाली धरून बारीक अक्षरं वाचली.

"ही पैलवानासारख्यांसाठी आहे. त्याच्या अंगात अशी दहा पुडकी मावतील. मग अर्धं म्हणजे कितीचं अर्धं, मामा?"

"मी प्रेमानंच दिलं हो," मामा म्हणाले.

"त्यात शंकाच नाही. म्हणून तर कुणी नको म्हणत नाही ना! दुसऱ्याचं औषध म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांचा चष्मा. कुत्र्याला तर, मला दिसत नाही, हेही सांगता येत नाही. वजन किती, वय किती, कधी झटका आला होता का, आणखी काही औषध चालू आहे का, घरात मांजर आहे का, एवढं विचारल्याशिवाय मी स्वतःच्या कुत्र्यालाही काही देणार नाही."

"मग त्या गोचिडींचं करायचं काय?" सासूबाईंनी विचारलं. त्या जिना उतरून, टॅक्सी करून मागोमाग आल्या होत्या. कुणी या म्हटलं नव्हतं.

"त्यांना सोडायचं नाहीच, आजी! गोचीड रक्त पिते आणि रोगही देऊन जाते. औषध हवंच, पण त्याच्या मापाचं. हा आधी पूर्ण बरा होऊ दे, मग केव्हा आणि कुठलं ते मी सांगते. तोवर रोज बारीक दातांचा कंगवा फिरवा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. काडी लावू नका, रॉकेल ओतू नका. आणि गादी, चादरी, उशा गरम पाण्यात धुवा. पिसवांची अंडी-पिल्लं बहुतेक घरातच असतात, कुत्र्यावर नाही."

"माझी उशी मी आजच धुते," सासूबाई म्हणाल्या. मग टेबलाकडे न बघता पुटपुटल्या, "आणि ते दोघांतलं एक राहील म्हटलं होतं ना मी, ते आता राहू दे."

पहाटेच्या सुमाराला पुडक्याची थरथर थांबली. त्याने डोळे उघडले, काटेवालीचं बोट हुंगलं आणि साबणाचा वास आला म्हणून नाक फेंदारलं. तेव्हा कुठे ती रडली. पण डोळे पुसून उठली ती वेगळीच होऊन. पार्सलच्या खोक्यातल्या कपड्यांना आपण काटा लावतो, आणि घरातल्या जिवाला अंदाजाने औषध देतो! नाही. हे आता होणार नाही. माझ्या घरात नाही, या जिन्यावरही नाही.

घरी पोचल्यावर ती थेट मामांकडे गेली.

"मामा, कपाट उघडा."

"अगं, पण त्यातलं मलम तरी..."

"मलम तुमच्यासाठी आणलंय ना? मग तुम्हीच लावा. दुसऱ्याला नाही. कुणाला बरं नसेल तर मला सांगा, दोघं मिळून डॉक्टरकडे नेऊ. तुम्हाला गाडी चालवता येते, मला रांगेत भांडता येतं."

मामा पाठ फिरवून आत गेले. तिला वाटलं, दुखावला म्हातारा. मग बाहेर येऊन त्यांनी कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि नाक शिंकरत म्हणाले, "त्या मांजरीपुढं मी आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आधी मास्तरीणबाईंच्या ओरखड्यावर काय लावायचं ते त्यांच्या डॉक्टरला विचारा," काटेवाली म्हणाली, आणि तेव्हा कुठे ते हसले.

पुढे पुडकं धडधाकट झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वजन करून त्याच्या बेताचं औषध ठरवून दिलं, आणि पुढची नळी आणायच्या वेळी काटेवालीने आधी त्याला स्वतःच्या ऑफिसातल्या काट्यावर बसवलं. ते पार्सलासारखं निमूट बसलं. पाठोपाठ दारात मामा आले. मागे पैलवान, काट्यावर जेमतेम त्याचे पुढचे पंजे मावतील एवढा.

"पोरी, याचंही बघ ना. असेल साधारण..."

मामांनी जीभ चावली. रांगेतल्या कुणालाच कळलं नाही, ती एवढी का हसतेय.

"दवाखान्यात मोठा काटा आहे, मामा," ती म्हणाली. "सुट्टी झाली की आपण दोघं घेऊन जाऊ याला."

तुमच्या-आमच्या घरीही एक कपाट असतं, आणि समोर एक मामा असतात. मामांना जपा. त्यांच्या हातचा चहा घ्या, त्यांच्याशी गप्पा मारा. मात्र त्यांची नळी पुढे आली की हात जोडा आणि डॉक्टरला विचारा. कारण माया कितीही ओता, ती कुणाला जास्त होत नाही; औषध होतं. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने आपणच विचारायला हवं: असेल म्हणजे? आणि नसेल तर?