सव्वा तासाचं हैदराबाद

माझी धाकटी बहीण द्वारका हैदराबादेत वारली. सकाळी तिच्या पोराचा, आकाशचा फोन आला. आमच्यात सवाष्ण बाई गेली की माहेरची हिरवी साडी नेसवल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरात आता मी एकटीच उरले. म्हणून आकाशला बजावलं, मी साडी घेऊन येते, तोवर कुणी हलायचं नाय.

माझा पोरगा राजेंद्र मोबाईलात बघून म्हणाला, हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आत, औरंगाबादेहून दुपारचं विमान हाय, सव्वा तासात हैदराबाद. आमच्या गावी, कन्नडला यस्टीनं जायला याहून जास्त लागतं. द्वारका इतकी वर्षं हेच सांगायची, आक्का, लई जवळ हाय, ये की. मी म्हणायची, जवळच हाय तर पळून चाललंय व्हय.

तिकिटं काढून राजेंद्र लगेच निघू म्हणाला. मी त्याला आधी औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानांकडं गाडी वळवायला लावली. द्वारकाच्या सासरच्या बायका मला ठाऊक. पदर उलटा करून सूत बघणाऱ्या. बहीण गेली तरी माझ्या माहेराला हलकं म्हणायची सोय मी त्यांना ठेवणार नव्हते. पहिल्या दुकानात पोपटी दाखवली, दुसऱ्यात काठ नावाला. राजेंद्र दारातून सांगत होता की विमानाला आधी जाऊन बसावं लागतं. तिकीट काढलंय ना, मग सोडून जातेत व्हय, म्हणून मी त्याला गप्प केलं. कन्नडला मी नुसता हात केला की यस्टी थांबायची, वर कंडक्टर जागा करून द्यायचा.

तिसऱ्या दुकानात मनासारखी मिळाली. गर्द हिरवी, वीतभर जरीचा काठ. पुढं क्रांती चौकात गाड्या तुंबलेल्या.

चिकलठाण्याला विमानतळावर पोचलो तर भिंतीपलीकडं विमान उभं दिसलं. बघ, उभंच हाय, मी राजेंद्रला म्हटलं. आत खिडकीवरची पोरगी म्हणाली, आजी, आता कुणालाच सोडता येत नाही. मी तिला साडी दाखवली, बहिणीचं सांगितलं. तिचे डोळे भरले, पण तिच्या हातात काही नव्हतं. आमच्या देखत विमान वर गेलं.

पुढचं विमान दिवस मावळल्यावरचं. तिकडं सगळे उजेडात उरकायचं म्हणत होते, पण आकाशनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"मावशी, तू सांगशील तसं," तो फोनवर म्हणाला.

हुकूम सोडताना मी कधी अडखळले नाय. तिथं बाकड्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसले, तिचे बंद सोडले, परत बांधले. राजेंद्र दुसरीकडं बघत होता.

"उचला," म्हटलं.

दिवेलागणीला विमानात बसले. कान दडपले. बाईनं पाणी दिलं, ते पिऊन जरा टेकते तोच खाली हैदराबादचे दिवे. इतकंच होतं ते.

आकाश दारात उभा होता, केस आंघोळीनं ओलेच. मी पहिलं विचारलं ते साडीचंच, काय नेसवलं तिला?

"तूच पाठवलेली, मावशी. कन्नडच्या बाजारातली हिरवी सुती. आईनं जपून ठेवली होती."

ती मी एका दिवाळीला घाईत घेतली होती. पहिल्या धुण्यातच रंग जाईल असली.

"बायका काय म्हणल्या?"

"कुणी बघितलंबी नाय. रडत होत्या सगळ्या."

माझ्या हातातली पिशवी घ्यायला तो पुढं झाला. मी दिली नाय.