त्रेचाळिसावी खुर्ची

मी एक यादी बोलतेय. किराणा सामानाची नव्हे, माणसांची. चाकाच्या खुर्च्या आणि कुबड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या संगणकात माझा मुक्काम आहे. कोणी कधी काय नेलं, ते राहतात कुठे, त्यांचा फोन काय, हे सगळं माझ्या पोटात.

माझा जन्म दुकानाच्या मालकीणबाईंच्या हातून झाला. पहिली सत्तर नावं त्यांनी स्वतः घातली, एकेक आकडा दोनदा वाचून. पुढे धंदा वाढला आणि मी विक्रेत्याच्या हाती गेले. माणूस मनाचा चांगला, पण पायाला भिंगरी. सगळे त्याला भिंगरीदादाच म्हणत. गिऱ्हाइकाशी तासभर गोड बोलायचा आणि माझ्यापाशी आला की त्याला दम निघायचा नाही. फोनचा रकाना रिकामा ठेवला तर मी पुढे जाऊ देत नसे, म्हणून तो सरळ नऊ-नऊ-नऊ अशी रांग लावायचा. पत्ता काय, तर ‘शाळेच्या मागे, निळं दार’. कुठली शाळा, ते त्याच्या डोक्यात. खुर्चीचा क्रमांक लिहायचा तर त्याने कायम कंटाळा केला. एका आजोबांना त्याने माझ्यात तीनदा बसवलं: आडनावासकट, आडनावाशिवाय आणि नुसतं ‘डॉक्टरांचे सासरे’ म्हणून. सहा वर्षांत मी चांगलीच फुगले, पण ते बाळसं नव्हतं, सूज होती.

माणसांची एक गंमत वाटते मला. स्वतःच्या नावातला एक काना कुणी चुकवला तर दिवसभर धुसफुसतात. दुसऱ्याचं नाव लिहिताना मात्र काना, मात्रा सगळं वाऱ्यावर.

मग काकू आल्या. टपाल खात्यात तीस वर्षं पत्रं लावून निवृत्त झालेल्या. घरी बसून कंटाळल्या, म्हणून मालकीणबाईंनी त्यांना माझी साफसफाई सोपवली. त्या रोज वीस-पंचवीस जणांना फोन करायच्या, अजून तिथेच राहता ना विचारायच्या, नाव ऱ्हस्व की दीर्घ ते पक्कं करायच्या. केसांतला गुंता कुणी हलक्या हाताने सोडवावा, तसं मला वाटायचं. जुन्या नोंदी चाळून खुर्च्या विकल्या जातात का, असं भिंगरीदादा कुरकुरायचा. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करत.

आणि एका सकाळी खुर्च्यांच्या कारखान्याचं पत्र आलं. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्यांच्या एका खेपेत ब्रेक कच्चा निघाला होता. उतारावर तो दगा देऊ शकतो, नवा बसेपर्यंत खुर्ची वापरू नये. आमच्या दुकानातून अशा त्रेचाळीस गेल्या होत्या. कोणाकडे, ते कारखान्याला ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं दुकान माझ्याभोवती गोळा झालं होतं. काय सांगू, अंगावर काटा आला.

काकूंनी त्या खेपेच्या तारखांवरून नावं काढली आणि त्यांनी घासूनपुसून ठेवलेले फोन धडाधड लागत गेले. एकेका नावापुढे खूण होत होती. दुपारी साडेतीनला सगळी नावं संपली. खुणा मोजल्या, बेचाळीस. पुन्हा मोजल्या, बेचाळीसच. त्रेचाळिसावी खुर्ची कुठे गेली ते मी जाणून होते, पण विचारल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

तेवढ्यात माल पोचवणारा टेम्पोवाला सही घ्यायला आत आला. सगळ्यांचे चेहरे पाहून काय झालं म्हणाला. ऐकल्यावर त्याने थोडा विचार केला.

“काकू, नदीकडच्या त्या घरात मी एकाच दिवशी दोन खुर्च्या चढवल्यात,” तो म्हणाला. “दोघं भाऊ आहेत. माझी कंबर अजून विसरलेली नाही.”

काकूंनी लगेच त्या घराची नोंद काढली. एकच आडनाव, नावाचं आद्याक्षर एकच, फोन एक, तारीख एक. भिंगरीदादाच्या दुहेरी नोंदी निस्तरून निस्तरून त्यांची नजर सरावली होती. त्या एका वेळी त्यांनी फोन न करताच दोन्ही नोंदी एकत्र केल्या होत्या.

“ही चूक भिंगरीची नाही, माझी आहे,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “दोन माणसं मी एक करून टाकली.”

लगेच नदीकडच्या घरी फोन लावला, तो धाकट्या भावाने उचलला. त्याला सकाळीच कळवलं होतं, त्याची खुर्ची कोपऱ्यात उभी होती. थोरला मात्र दोन महिन्यांपूर्वी मुलीकडे राहायला गेला होता. चढावरचं शेवटचं घर. रोज चारला तो बुद्धिबळ खेळायला खाली उतरतो. मुलगी कामावर, म्हाताऱ्याला फोनची घंटा ऐकू येत नाही. घड्याळात चारला वीस कमी.

भिंगरीदादा दाराशी पोचलाही होता. काकूंनी पत्ता घरक्रमांकासकट उतरवून घेतला आणि त्याने, मी प्रथमच पाहिलं, तो दोनदा मोठ्याने वाचला. मग तो टेम्पोवाल्याशेजारी चढून बसला आणि दोघे सुसाट गेले. दुकानात कुणी खाली बसेना.

चारला दोन मिनिटं असताना टेम्पोवाल्याचा फोन आला. खुर्ची फाटकाबाहेर आली होती, भिंगरीदादा तिच्या चाकांपुढे आडवा उभा राहिला होता. म्हातारबुवा भडकले होते, डाव चुकतो म्हणून. शेवटी त्यांना टेम्पोत पुढे बसवून डावापाशी पोचवलं. तिथे ते हरले आणि त्याचं खापर आमच्या दुकानावर फोडलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्या खुर्चीचा ब्रेक ओढून पाहिला, तर दांडा त्याच्या हातातच आला. काकूंनी तो माझ्या संगणकाशेजारी आणून ठेवला. मग त्यांनी माझ्यातली ती जोडलेली नोंद उघडली आणि दोन्ही भावांना आपापली ओळ परत दिली.

आता मी सडपातळ आहे, तरतरीत आहे. फोन केल्याशिवाय काकू कुणालाही कुणात मिसळत नाहीत. आजच थोरल्या भावाचा फोन आला होता, कुणी विचारलेलं नसताना. मुलीने घर बदललं, नवा पत्ता लिहून घ्या म्हणाले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तुमचंही नाव कुठल्या ना कुठल्या यादीत असेलच. घर बदललं, फोन बदलला, तर एवढं कळवत जा. आणि एखाद्या काकूंनी नाव ऱ्हस्व की दीर्घ विचारलं तर वैतागू नका. चला, येते मी. भिंगरीदादा नवी नोंद घेऊन बसलाय आणि खुर्चीखालचा क्रमांक वाचायला जमिनीवर पार आडवा झालाय.