मशीनवरचं कुलूप

शिलाई कारखान्यात काम करणारी ती बाई दर रविवारी स्टेशनच्या बाकावर बसून लेकीशी बोलायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती पळाली, तेव्हा लेक मागेच राहिली होती. नणंद भली. ती पोरीला गच्चीत नेऊन आपला फोन तिच्या हातात द्यायची. बाईच्या फोनमध्ये सिम नव्हतं, कारण सिमला नाव द्यावं लागतं. स्टेशनच्या वाय-फायचं कुपन मात्र रोखीने मिळायचं. खरवडलं की आकडा, ना नाव ना गाव. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

त्या रविवारी काउंटरवरच्या माणसाने हात झटकले. "कुपनं बंद, ताई. आता फक्त कार्ड."

"रोख घ्या ना. तुमचं कार्ड लावा."

"आणि नोकरी घालवू? अहो, घाबरताय कशाला? एकदम सेफ आहे. तुमची माहिती आम्हालासुद्धा दिसत नाही."

कार्डाच्या मशीनवर कुलपाचं चित्र होतं. तिच्याकडे एकच कार्ड, पर्समध्ये राहून गेलेलं, नवराबायकोच्या खात्याचं. पळाल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. एवढी सावध बाई! पण तिकडे लेक ताटकळत होती आणि समोर कुलूप दिसत होतं. तिने कार्ड टेकवलं. कुलूप काही खोटं नव्हतं हो. ते चोरांसाठी होतं, खात्यात नाव असलेल्या माणसासाठी नव्हतं.

"आई, दात पडला!" लेकीने भला मोठा आ केला.

बाईला हसू फुटतंय तोच नणंदेने फोन ओढून घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वहिनी, पैसे कशातून भरलेस? दादाला मेसेज आलाय, स्टेशनच्या नावासकट. गाडी काढलीय त्याने. तू नीघ. आणि आता मला फोन करू नकोस, तो माझाही फोन तपासेल."

खोली गेली, काम गेलं, रविवारही गेला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं बाईला. "पोरीला दे," एवढंच ती म्हणाली.

बोलत बोलतच ती फाटकाकडे निघाली.

"दात कुठे ठेवलास?"

"डबीत. तुला दाखवायला. आई, तू कधी येशील?"

वाय-फाय फाटकापर्यंतच चालतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अख्ख्या तासाचे पैसे भरले होते आणि थांबायची सोय नव्हती. तिने पाऊल बाहेर टाकलं.

पडद्यावर लेकीचं तोंड तसंच उघडं राहिलं, दाताच्या फटीसकट. "लवकर येते, बाळा," आई म्हणाली, पण तोवर आवाज तुटला होता.