तपासणीचा रकाना

धाकट्याला या कंपनीत चिकटवला तो थोरल्यांनीच, त्यामुळे आता तक्रार तरी कुणाकडे करणार? दोघं साडू. मोठ्या बहिणीचा नवरा थोरले, लहानीचा नवरा धाकटा, आणि घरातली ही नावं ऑफिसानेही कौतुकाने उचलली होती. कंपनी कपाटं बनवायची. धाकटा आणि आणखी दोघीजणी त्यांची ड्रॉइंग काढायच्या. थोरले स्वतःही काढायचे, वर सगळ्यांची तपासायचे, आणि मगच ती कारखान्यात जायची. अशी वर्षं सुखात गेली होती.

मग नव्या मॅनेजर मॅडम आल्या आणि भिंतीवर पांढरा फळा लागला. फळ्यावर चार रकाने: करायचंय, चालू, तपासणी, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड. कार्ड सरकवलं की त्याच्या मागे तारीख टाकायची. 'चालू'पासून 'तपासणी'पर्यंत किती दिवस लागले, तो त्या माणसाचा वेग. एकाच्या नावावर एका वेळी दोनच कार्डं, तपासणीत अडकलेली धरून. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, आणि मॅडमनी सांगून टाकलं होतं, "फळा बघूनच ठरवू."

ती जागा आपलीच, असं थोरले धरून चालले होते. पण दर शुक्रवारी मॅडम वेग वाचून दाखवायच्या आणि दर शुक्रवारी धाकटा पहिला यायचा. थोडाथोडका नाही, थोरल्यांच्या निम्म्या वेळात! थोरले टाळ्या वाजवायचे. हात टाळ्या वाजवायचे आणि पोटात आग पडलेली असायची. ज्याला पट्टी कशी धरायची हे आपण शिकवलं, तो शीळ घालत फळ्याकडे जातो, हे त्यांना बघवेना. ती शीळ तर जास्तच डोक्यात जायची.

घरीही सुटका नव्हती.

"धाकटीचा फोन होता," बायको म्हणाली. "तिच्या ह्यांचं फार कौतुक झालं म्हणे ऑफिसात. तुम्ही काही बोलला नाहीत ते?"

"विसरलो."

"विसरलात, की पोटात दुखतंय?"

थोरल्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेलं धाकट्याचं ड्रॉइंग त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं. एवढा वाऱ्यासारखा पळतोस ना, मग बस जरा, असं मनाशी म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की ती सवयच लागली.

आणि एके दिवशी घबाड हाती लागलं. धाकट्याच्या पडद्यावर एका दवाखान्याच्या कपाटांचं ड्रॉइंग होतं, जवळजवळ पूर्ण. थोरल्यांनी फळ्याकडे पाहिलं, तर त्याचं कार्ड अजून 'करायचंय'मध्येच! म्हणजे गडी आधी काम उरकतो आणि मग कार्ड 'चालू'त टाकतो. असा पहिला येतो होय! थोरल्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

शुक्रवारी टाळ्या वाजायच्या आतच ते उठले. "मॅडम, हा वेग खोटा आहे. साडू असला म्हणून काय झालं, खरं ते बोललं पाहिजे."

धाकट्याचा चेहरा उतरला, पण त्याने नाकारलं नाही. "माझी दोन कार्डं तपासणीत अडकलेली असतात," तो म्हणाला. "तिसरं घ्यायला नियम आड येतो. रिकामं बसवत नाही, म्हणून पुढचं सुरू करतो."

"अडकलेली?" मॅडमनी विचारलं. "मग आपण मोजायलाच चुकतोय. ऑर्डर आली तिथपासून ड्रॉइंग कारखान्यात जाईपर्यंत मोजू."

आणि तिथल्या तिथे त्या कार्डं उलटी करून फळ्यावर पट्ट्या काढू लागल्या. कामाचा वेळ हिरवा, नुसत्या वाट पाहण्याचा लाल. दोघीजणींच्या पट्ट्यांत तपासणीपाशी जेमतेम लाल ठिपका. धाकट्याच्या प्रत्येक पट्टीत तपासणीपाशी हा लांबलचक लाल पट्टा. तपासणारा माणूस एकच होता. थोरल्यांची कानशिलं तापली. आपला मत्सर असा हातभर लांब आणि लाल रंगात भिंतीवर दिसेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"याचीच कार्डं इतकी का थांबतात?" मॅडम थोरल्यांकडे बघत म्हणाल्या.

उत्तर आलं ते धाकट्याकडून.

"माझ्याच चुका फार असतात, मॅडम. घाईत काढतो ना. दादांना एकेक रेघ बघावी लागते."

म्हणजे यानेच पांघरूण घातलं! आता नुसती मान हलवायची, की सुटका. जागाही कदाचित मिळेल. थोरल्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचा लवलेश नव्हता, नुसती काळजी होती, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं. वेग याच्याकडे, कौतुक याच्याकडे, आणि आता एवढं मोठं मनही यालाच मिळावं?

"खोटं बोलतोय तो," थोरले म्हणाले. "एकही चूक नसायची. मीच दाबून ठेवायचो."

मॅडमनी हातातला मार्कर खाली ठेवला. धाकटा मान खाली घालून बसला. हे आपण प्रामाणिकपणाने बोललो, की निदान एवढ्या बाबतीत तरी तो आपल्यापुढे जाऊ नये म्हणून, हे थोरल्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.