परक्या अमलातले जस्ताचे नाणे

मित्रांनो, मला हातावर घेतलेत तर आधी तुमची फसगतच होईल. हे नाणे की कोटाचे बटण, असा प्रश्न पडेल. मी जस्ताचे आहे. वजनाला हलके, रंगाने राखाडी. दगडावर आपटले तरी मी खणखणत नाही.

माझा जन्म युद्धकाळातला. परक्या सैन्याने गाव घेतले आणि पाठोपाठ टांकसाळही घेतली. तांबे त्यांना काडतुसांसाठी हवे होते. म्हणून लोकांच्या खिशातली तांब्याची नाणी गोळा झाली आणि त्यांच्या जागी आम्ही आलो. एका अंगाला त्यांचे राजचिन्ह, दुसऱ्या अंगाला गव्हाची दोन कणसे.

आमचा ठसा कोरणारा कारागीर मात्र याच गावचा होता. "ठसा कोर, नाहीतर उद्या सक्तमजुरीला जाणाऱ्या गाडीत बस," असे त्याला सांगण्यात आले. घरी बायको अंथरुणाला खिळलेली, मुलगी लहान. त्याने मुकाट्याने हत्यारे उचलली. पण वाईट काम त्याच्या हाताला ठाऊकच नव्हते. कणसांचा दाणा न् दाणा, कुसळ न् कुसळ त्याने जिवंत केले.

पहिल्या पगारात मी त्याच्या खिशात आले आणि त्याच संध्याकाळी पावाच्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे गाव मावशी म्हणे. त्यांचा एकुलता एक मुलगा आघाडीवर लढत होता. त्यांनी मला दिव्याजवळ धरून उलटेपालटे करून पाहिले.

"हे तू कोरलंस?"

"हो, मावशी."

"तुला कोरायला लावलं, ते समजलं. पण इतकं सुबक कशाला रे?"

पाव काखेत मारून तो निघून गेला. मावशींनी मला गल्ल्यात टाकले नाही. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात, बटणांच्या आणि सुयांच्या सोबतीला ठेवून दिले.

युद्ध संपले तशी आमची किंमत रातोरात मातीमोल झाली. माझी कितीतरी भावंडे वितळवून त्यांच्या बादल्या केल्या. मी डब्यात होते म्हणून वाचले. मावशींचा मुलगा मात्र परत आला नाही.

गावाने ठरवले की चौकात एक शिळा उभारायची आणि तिच्यावर मेलेल्या मुलांची नावे कोरायची. हे कळल्यावर तो कारागीर मुलीचा हात धरून दुकानात आला. एव्हाना अर्धी गल्ली त्याला पाहून तोंड फिरवत असे.

"मावशी, नावं मी कोरतो. मजुरी नको मला."

मावशींचे हात पिठाने माखलेले होते. ते तसेच पुढे धरून त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचंही?"

"सगळ्यांचीच."

"ज्या हातानं त्यांचं चिन्ह कोरलं, त्या हातानं माझ्या पोराचं नाव नको. परत विचारायला येऊ नकोस."

कारागीर तसाच उभा राहिला. शेवटी मुलीनेच त्याला ओढले. "बाबा, चला ना."

शिळा बाहेरगावच्या माणसाने कोरली. हा बिचारा पुढे रबरी शिक्के बनवून पोट भरत राहिला आणि एका हिवाळ्यात गेला. त्याच्या अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती. मावशींनी त्या दिवशी दुकान उघडे ठेवले होते.

बऱ्याच वर्षांनी मावशींनी दुकान विकले, तेव्हा तो डबा दातांच्या एका डॉक्टरांकडे गेला. त्यांना युद्धकाळातली नाणी जमवण्याचा नाद होता. नाणे कडांना धरून उचलावे, कधी घासू नये, हे जाणणारा माणूस. त्यांच्याकडे मला मऊ कापड लावलेला कप्पा मिळाला.

युद्ध संपून तीस वर्षे झाली तेव्हा सरकारने चांदीचे स्मारक नाणे काढले. डॉक्टरांनी ते घेतले आणि वाचनालयाच्या माडीवर आपल्या संग्रहाचे प्रदर्शन मांडले. नव्या नाण्यावर विजयी शिपाई होता. लोक त्याच्याभोवती गर्दी करत. सुंदर होते ते, खोटे कशाला बोलू? पण त्याने कधी कोणासाठी पाव विकत घेतला नव्हता. माझ्याखाली एक चिठ्ठी होती: 'जस्त. परक्या अमलातील. कोरीवकाम: अज्ञात.'

दुपारी एक बाई येऊन माझ्यासमोर थांबल्या. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"डॉक्टर, हे अज्ञात नाही. माझ्या वडिलांचं काम आहे."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मला ठाऊक होतं. तुम्हाला त्रास नको, म्हणून लिहिलं नाही. लोक अजून विसरलेले नाहीत हो."

त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. तिथे मावशी बसल्या होत्या. हुतात्म्याची आई म्हणून त्यांना मानाने बोलावले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. काठी टेकत त्या आल्या, डॉक्टरांच्या हातातले भिंग घेतले आणि माझ्यावर वाकल्या.

"नाव लिहा," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला चालेल?" कारागिराच्या मुलीने विचारले.

"मी त्याला माफ केलेलं नाही, पोरी. या वयात आता ते जमेल असंही वाटत नाही. पण माफी वेगळी, नाव वेगळं. ज्यानं जे केलं, त्याखाली त्याचं नाव हवं. बरं असो की वाईट."

मुलगी म्हणाली, "एवढंच हवं होतं मला."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहून माझ्याखाली सरकवली. मुलगी निघाली, तशी मावशींनी हाक मारली, "थांब जरा. जिना उंच आहे, मला एकटीला उतरवत नाही."

तिने परत येऊन हात पुढे केला. मावशींनी तो घट्ट धरला, आणि एकेक पायरी करत दोघी खाली गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी असे एखादे काळवंडलेले नाणे सापडले, तर लिंबाने, राखेने घासून ते उजळू नका. कणसे झिजतील तसे चिन्हही झिजेल, मग कोणी काय केले होते हे सांगायला काहीच उरणार नाही. ओल लागू देऊ नका, कोरड्या कागदात ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसून विचारा, हे कोणाच्या हातातून आले. उत्तर कडू असेल, तरी ऐकून घ्या. सांगणारी माणसे आहेत, तोवर विचारा.